प्राणहितेच्या अल्याड-पल्याड

मार्गशीर्षातल्या एका रविवारी, पहाटे पाचच्या सुमारास, आम्ही कोरपन्याहून निघालो. आम्ही म्हणजे मराठी शिकविणारे दोन अध्यापक आणि आमच्या वर्गातील अकरा विद्यार्थी-विद्यार्थिनी. सोबत पोळ्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मिरचीचा ठेचा आणि पाण्याचे दोन कॅन. जायचे होते अहेरीजवळच्या चिंचगुंडीला, प्राणहितेच्या काठी; आणि रात्र होण्याआधी परतीची निम्मी वाट तरी संपवायची होती.

या सहलीचे निमित्त वर्गातच घडले होते. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकविताना आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याला एका स्थळाची ओळख करून द्यायला सांगितले होते. एकाने नॉर्वेतील फियोर्डची चित्रफीत आणली. दोन्ही बाजूंना ताठ उभे डोंगर, त्यांच्यामधून जमिनीत खोलवर शिरलेला समुद्र, काठावरची चिमुकली लाल घरे. आणि मग निवेदकाने सांगितले की याच शांत पाण्याच्या तळाशी युद्धनौका पडून आहेत. तो नार्विकचा ओफोट फियोर्ड होता. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मन सैन्य नार्विकला उतरले. १० आणि १३ एप्रिलच्या दोन नौदल-लढायांत तेथे गेलेल्या दहाही जर्मन विनाशिका बुडाल्या किंवा त्यांच्याच खलाशांना त्या निकामी कराव्या लागल्या. कारण साधे होते. स्वीडनमधील किरुना परिसराचे लोहखनिज हिवाळ्यातही न गोठणाऱ्या या बंदरातून बाहेर जात असे. आज तेथे युद्धसंग्रहालय आहे आणि प्रवासी एका दिवसाच्या फेरीत निसर्ग व इतिहास दोन्ही पाहून परततात. चित्रफीत संपल्यावर तो विद्यार्थी म्हणाला, "सर, तिकडं निसर्गालासुद्धा इतिहास आहे. आपल्याकडं नुसतं जंगल."

त्याचे हे वाक्य आम्हाला लागले. ते चूक होते म्हणून नव्हे, तर त्याला तसे वाटावे अशीच तजवीज आम्ही, आमच्या अभ्यासक्रमांनी आणि आमच्या पाठ्यपुस्तकांनी करून ठेवली होती म्हणून. एकोणिसाव्या शतकातील मराठी वाङ्मयाच्या पार्श्वभूमीत १८५७ येते ते मिरत, कानपूर, झाशीपुरते. चांद्याच्या जंगलात १८५८ मध्ये जे घडले त्याला त्या पार्श्वभूमीत जागा नाही. तेव्हा प्रतिवाद वर्गात न करता नदीवर जाऊन करावा असे ठरले.

राजुऱ्यापर्यंत धुके होते. कपाशीची शेते वेचणीला आलेली, मधूनच सिमेंटच्या कारखान्यांची धुराडी. पुढे बल्लारपूरच्या अलीकडे वर्धा ओलांडली. या पुलावरून जाताना आज कोणी मान वर करून पाहात नाही. पण १८५८ मध्ये ही नदी दोन राज्यांची सीमा होती. अलीकडचा काठ निजामाचा. पलीकडचा चांदा नागपूरकर भोसल्यांचा, आणि १८५४ मध्ये ते राज्य खालसा झाल्यापासून कंपनी सरकारचा. कोरपन्याच्या उत्तरेला पैनगंगा. तिच्या पलीकडचा वऱ्हाड नावाने निजामाचा, परंतु १८५३ च्या तहाने कारभारापुरता इंग्रजांकडे गेलेला. म्हणजे आमचे गाव तीन कारभारांच्या कोपऱ्यात वसलेले. पुढेही सुमारे नव्वद वर्षे ते हैदराबाद संस्थानातच राहिले. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून निघून नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. आमच्या विद्यार्थ्यांपैकी काहींच्या घरी पणजोबांच्या जमिनीचे कागद उर्दूत आहेत. ते कोणाला वाचता येत नाहीत, पण पेटीत जपून ठेवलेले असतात. या तपशिलाचे महत्त्व आम्हाला नंतर, नदीच्या काठी कळायचे होते.

गोंडपिपरीनंतर आष्टीला वैनगंगेचा पूल लागतो. तो ओलांडला की गडचिरोली जिल्हा. या रस्त्यावर सुरजागडच्या डोंगरातले लोहखनिज वाहून नेणारे ट्रक एकामागून एक येत होते, आणि आमची गाडी वारंवार कडेला थांबत होती. नार्विकची चित्रफीत आणणारा विद्यार्थी बराच वेळ ते पाहात होता. काही बोलला नाही. आम्हीही बोललो नाही.

चपराळ्याच्या अभयारण्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात आणि तेथून पुढे दोघींचेही नाव संपते. नदी प्राणहिता होते. सुमारे एकशे तेरा किलोमीटर वाहून सिरोंचाजवळ ती गोदावरीला मिळते. पैनगंगा वर्धेला आधीच वढ्याजवळ मिळालेली असते, त्यामुळे कोरपन्याच्या शिवारातले पाणीही शेवटी याच पात्रातून जाते. चिंचगुंडीच्या परिसरात आम्ही नदीवर उतरलो तेव्हा उन्हे चढली होती. फियोर्डसारखे उभे कडे येथे नाहीत. येथे रुंदी आहे. मैलभर वाटावे असे पात्र, त्यात वाळूची लांब बेटे, मध्येच काळ्या खडकांच्या रांगा, आणि दोन्ही काठांवर सागाचे रान. पाणी इतके नितळ की तळाचे गोटे मोजता यावेत. पलीकडचा काठ तेलंगणाचा. विद्यार्थी प्रथम पाण्यात उतरले, मग खडकांवर बसून खाणे झाले, आणि त्यानंतर आम्ही सोबत आणलेली टिपणे काढली.

घटनाक्रम थोडक्यात असा. मार्च १८५८ मध्ये मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव पुलेश्वर शेडमाके यांनी राजगड परगण्यावर चाल केली. त्यांची जन्मतारीख १२ मार्च १८३३ अशी सांगितली जाते. म्हणजे वय पंचवीस. अडपल्ली आणि घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. गोंड आणि रोहिले यांची मिळून फौज उभी राहिली. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने त्यांच्यावर सैन्य धाडले. १३ मार्चला नांदगाव-घोसरीला लढाई झाली, एप्रिलमध्ये सगणापूर आणि बामणपेठ येथे चकमकी झाल्या. आणि २९ एप्रिलच्या रात्री, आम्ही बसलो होतो त्याच टापूत, चिंचगुंडीला, तारखात्याच्या तळावर हल्ला झाला. गार्टलंड आणि हॉल हे दोघे कर्मचारी मारले गेले. तिसरा, पीटर, निसटून क्रिक्टनपर्यंत पोहोचला.

हल्ला तारखात्याच्या तळावर व्हावा याला अर्थ आहे. १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांच्या हाती जी साधने होती त्यांत बंदुकीइतकीच तार महत्त्वाची होती. सैन्य कोठे हलवायचे हे तिच्यामुळे दिवसांऐवजी तासांत ठरत असे. जंगलातल्या माणसाच्या बाजूने पाहिले तर तोपर्यंत अंतर हे त्याचे संरक्षण होते. चांद्याहून निघालेली आज्ञा प्राणहितेपर्यंत यायला जो वेळ लागे त्या वेळातच त्याचे स्वातंत्र्य होते. तार तो वेळ काढून घेणार होती. बाबूरावांच्या माणसांनी हा विचार अशाच शब्दांत केला होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु कोणत्या तळावर जायचे हे त्यांनी नेमके निवडले, एवढे दिसते.

आम्ही विद्यार्थ्यांचे लक्ष आणखी एका गोष्टीकडे वेधले, कारण ती इतिहासाइतकीच वाङ्मयाच्या अभ्यासाची आहे. त्या रात्रीचा जो वृत्तांत गॅझेटियरच्या परंपरेतून आपल्यापर्यंत आला आहे त्यात मेलेल्या दोघांची नावे आहेत, वाचलेल्या तिसऱ्याचेही नाव आहे. दुसऱ्या बाजूला दोन जमीनदारांची नावे आहेत आणि बाकी सारे 'गोंड व रोहिले' आहेत. नाव असलेला माणूस कथनात पात्र होतो. नाव नसलेला पार्श्वभूमी होतो. एका विद्यार्थिनीने विचारले, "मग आपण वाचताना काय करायचं?" आम्ही म्हणालो, की निदान ही वाटणी वाचताना ध्यानात ठेवायची. उत्तर तोकडे होते हे आम्हालाही ठाऊक होते.

पुढची कथा अधिक अवघड आहे. रणात हाती न लागणारे बाबूराव पकडायचे तर जंगल जाणणारा माणूस हवा होता. क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांना हाताशी धरले. जुलैमध्ये त्यांच्या माणसांनी बाबूरावांना भोपाळपट्टणमला पकडले, पण पहाऱ्यावरच्या रोहिल्यांच्या मदतीने ते निसटले. १८ सप्टेंबरला पुन्हा पकडले गेले आणि या खेपेस चांद्याला पोहोचविण्यात आले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना फाशी झाली. व्यंकटराव बस्तरकडे गेले. १८६० मध्ये पकडले जाऊन त्यांना जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांच्या जप्त केलेल्या अडपल्ली-घोट जमीनदारीतील ६७ गावे लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली.

झाशीची लक्ष्मीबाई जून १८५८ मध्ये लढताना पडली आणि तीनच महिन्यांनी अहेरीच्या लक्ष्मीबाईंनी बाबूरावांना इंग्रजांच्या हवाली केले. नावाचा हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते. विद्यार्थ्यांनी निकाल तत्काळ देऊन टाकला: फितुरी. आम्ही त्यांना थांबविले, अहेरीचा बचाव करण्यासाठी मात्र नव्हे. चार वर्षांपूर्वी नागपूरचे राज्य लढाई न होता, केवळ औरस वारस नाही म्हणून खालसा झालेले त्या बाईंनी पाहिले होते. जेथे एवढे राज्य कागदाच्या एका फटकाऱ्याने जाते तेथे जंगलातली जमीनदारी किती दिवस टिकणार, हा प्रश्न त्यांच्यापुढे असणारच. त्यांनी जे केले त्याची किंमत बाबूरावांनी प्राणाने दिली, हे तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवणे वाचकाला जड जाते. 'वीर' आणि 'फितूर' या दोन शब्दांत कथा बसविली की ती सोपी होते, आणि मग तिसरा पक्ष, ज्याने दोघांपुढे हा पेच टाकला, तो कथेतून अलगद बाहेर पडतो.

याच वेळी माणिकगडच्या डोंगरातल्या एका गोंड कुटुंबातून आलेली आमची विद्यार्थिनी, जी सकाळपासून फारशी बोलली नव्हती, म्हणाली, "मॅडम, हे सगळं या काठावरचं झालं. तेव्हा आपण कोणत्या बाजूला होतो?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. प्रश्न साधा होता आणि आमच्या टिपणांत त्याचे उत्तर नव्हते. 'आपण' या शब्दात ती कोणाला धरत होती? कोरपना तालुका? गोंड समाज? की मराठी बोलणारे आपण सर्व?

कागदावरचे उत्तर द्यायचे तर आम्ही इंग्रजांच्या बाजूला होतो. आमचा काठ निजामाचा, आणि निजाम व त्याचा दिवाण सालारजंग १८५७ मध्ये इंग्रजांशी एकनिष्ठ राहिले. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाझ खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रोहिल्यांनी हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला केला तेव्हा तो सालारजंगाच्या सहकार्यानेच मोडला गेला. या निष्ठेचे फळ १८६० च्या तहात मिळाले: रायचूर दुआब, धाराशिव आणि शोरापूर निजामाकडे आले, आणि त्याच तहात गोदावरी-प्राणहितेच्या डाव्या काठावरचे सिरोंचाकडचे तालुके इंग्रजांकडे गेले. नदीच्या काठावरची गावे हिशेबाच्या वहीतल्या रकमांसारखी इकडची तिकडे झाली.

परंतु तीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही सांगता येते. बाबूरावांबरोबर लढणारे रोहिले आले कोठून? हैदराबादच्या रेसिडेन्सीवर गेलेले रोहिले, प्राणहितेवरचे रोहिले, आणि निर्मलकडे रामजी गोंडांच्या साथीला असलेले रोहिले यांना वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या गॅझेटियरांत वेगवेगळ्या प्रकरणांत टाकले, की ते सुटे दंगेखोर दिसतात. नकाशा एकच धरला की चित्र बदलते. निर्मलला रामजी गोंड आणि त्यांच्या हजार साथीदारांना एकाच वडावर फाशी दिल्याची कथा तेलंगणात आजही सांगतात. हजार हा आकडा परंपरेचा आहे. पण एका मोठ्या सूडाची आठवण तो वाहतो, यात शंका नाही. तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाचे दुसरे उत्तर असे की राज्य एका बाजूला होते आणि त्या राज्यातली माणसे दुसऱ्या.

आणि हे उत्तर १८५८ पाशी संपत नाही. नार्विकच्या पाण्यात विनाशिका बुडाल्या त्याच १९४० साली, शरद ऋतूत, कोरपन्याच्या दक्षिणेकडील डोंगररांगांत जोडेघाटला कोमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. भांडण होते जंगलातल्या जमिनीचे, चराईचे आणि वनखात्याच्या जाचाचे. त्यानंतर तेथील गोंडांच्या स्थितीचा अभ्यास क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाने केला. महायुद्ध सुरू झाल्यामुळे शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला हैदराबाद संस्थानात अडकून पडावे लागले होते, म्हणून तो तेथे होता. हिटलरचे युद्ध नार्विकला पोहोचले तसे ते एका वेगळ्याच वाटेने आमच्या डोंगरांतही पोहोचले होते. "म्हणजे आपल्याकडंही नुसतं जंगल नव्हतं," चित्रफीतवाला विद्यार्थी म्हणाला. त्याच्या आवाजात पराभव नव्हता, थोडे आश्चर्य होते.

परतण्यापूर्वी आम्ही देवलमरीकडे थोडे गेलो. येथल्या नदीतल्या खडकांनाही एक कथा आहे. आर्थर कॉटन यांच्या कल्पनेतून गोदावरीचा जलमार्ग करण्याची योजना निघाली होती. वऱ्हाडचा आणि नागपूर प्रांताचा कापूस वर्धा, प्राणहिता, गोदावरी या मार्गाने नावांतून समुद्रापर्यंत न्यायचा. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते: दुम्मगुडेम, इंचमपल्ली आणि तिसरा हा देवलमरीचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धाने मँचेस्टरचा कापूस तोडला तेव्हा या योजनेला विशेष धार आली. युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा येऊ लागला, इकडे रेल्वेचे जाळे पसरू लागले, आणि १८७१ मध्ये काम सोडून देण्यात आले. आम्हाला जी खडकांची रांग रमणीय वाटली, जिच्यावर बसून आम्ही पुऱ्या खाल्ल्या, तशीच रांग अभियंत्यांच्या कागदावर 'अडथळा' म्हणून नोंदलेली होती. निसर्गसौंदर्य हे पुष्कळदा फसलेल्या योजनेचे उरलेले रूप असते.

काठावर एक ढिवर जाळे सुकवीत बसला होता. आमच्यापैकी एकाने विचारले, "मामा, पल्याड जाता का कधी?" तो हसला. "पल्याडच तर सोयरीक आहे आमची. लेक तिकडंच दिली." १८५८, क्रिक्टन, तार यांतले काही त्याला ठाऊक नव्हते. पण दीडशे वर्षांत किमान चार राजवटींनी सीमा म्हणून आखलेली ही नदी त्याच्या लेखी सासर-माहेरच्या मधली वाट होती. त्या मुलीच्या प्रश्नाचे तिसरे उत्तर कदाचित हेच असावे. परंतु आम्ही ते तिच्यावर लादले नाही. दोन्ही काठांवर आपली माणसे आहेत असे म्हणणे ढिवराला शोभते. तो नदी ओलांडतो. आम्ही अजून पुस्तकातच होतो.

परतीच्या वाटेवर अंधारात गाडीत बाबूरावांच्या आख्यायिका निघाल्या. त्यांपैकी एक अशी की फाशीचा दोर त्यांना लागेना. वारंवार दोर सुटला, आणि शेवटी त्यांचा देह चुन्याच्या भट्टीत टाकावा लागला. इतिहास म्हणून याला पुरावा मागता येईल. वाङ्मयाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला दुसरेच जाणवते. सरकारी वृत्तांतात फाशी हे एका तारखेचे वाक्य आहे. लोककथेने त्या वाक्याला पूर्णविराम देण्याचे नाकारले आहे. चंद्रपूरच्या कारागृहातील पिंपळाजवळ दर वर्षी २१ ऑक्टोबरला माणसे जमतात, ती या नाकारण्यामुळेच. जी माणसे वृत्तांतात नाव नसलेली होती त्यांनी आपले कथन असे रचले आणि जपले.

आमच्यापुरते या सहलीचे फलित एवढेच की प्रवासवर्णनाच्या त्या प्रकल्पाचा विषय आम्ही बदलला. आता प्रत्येकाने आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडून एका नदीची, डोंगराची वा वाटेची कथा लिहून आणायची आहे: ती ज्या भाषेत असेल त्या भाषेत, गोंडी, कोलामी, तेलुगू किंवा मराठी, आणि नंतर मराठीत. ज्यांच्या घरी उर्दू कागद आहेत त्यांनी ते वाचून देणारा माणूस शोधायचा आहे. माणिकगडची ती विद्यार्थिनी गाडीतून उतरताना म्हणाली, "आमच्या आजीला विचारते, जोडेघाटचं तिला आठवतं का." आजीचे वय ऐंशीच्या पुढे आहे. हे काम पुढच्या सत्रावर ढकलता येणार नाही, हे आम्हाला त्या क्षणी लख्ख कळले.